पिस्तुलाची आंघोळ आणि हरवलेला गज

श्रावण लागला की आमच्याकडे पेडगावात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. विळे-खुरपी तेलाचा हात फिरवून माळवदाच्या तुळईत खोचून ठेवायची, ही जुनी रीत. लोखंडाला ओल लागू द्यायची नाही, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. म्हणून ठासणीच्या बंदुका आणि पिस्तुलं वापरणारे सैनिक गोळीबार संपला की नळीत सरळ उकळतं पाणी ओतत, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते वाक्य मी दोनदा वाचलं. लोखंडाच्या नळीत पाणी, तेही मुद्दाम?

या कोड्याचं उत्तर शोधता शोधता मी एका काठीपाशी येऊन थांबलो. पिस्तुलाच्या नळीखाली खोचलेली, बोटभर जाडीचीही नसलेली काठी. मराठीत तिला गज म्हणतात. संग्रहालयात आपण पिस्तुलाची नक्षी बघतो, मुठीवरचं चांदीकाम बघतो, आणि गजाकडे नजरही जात नाही. पण गज नसेल तर ठासणीचं पिस्तूल म्हणजे नुसता हातोडा. भरायचं त्यानंच, साफ करायचं त्यानंच, आणि आत काही भरलेलं आहे का हे ओळखायचंही त्यानंच.

आधी मळाची गोष्ट सांगतो, कारण मळ नसता तर गजाची निम्मी गोष्ट उरलीच नसती.

जुनी काळी दारू तीन पदार्थांची: सोरा, कोळसा आणि गंधक. पुढे रुळलेलं प्रमाण शंभरात 75, 15 आणि 10. यातला सोरा कुठून यायचा? पांढरीतल्या जुन्या मातीच्या भिंतींना, गोठ्यांच्या कडांना पावसाळ्यानंतर पांढरा लोणा चढतो, तो आपण सगळ्यांनी बोटानं खरवडलेला आहे. त्या लोण्याच्या क्षारांत सोऱ्याचा अंश असू शकतो. जनावरांचं मूत, माती आणि त्या मातीतले सूक्ष्म जीव मिळून तो तयार करतात. अशी माती पाण्यात भिजवायची, ते पाणी गाळून आटवायचं आणि सोऱ्याचे स्फटिक काढायचे, हा हिंदुस्थानातला शेकडो वर्षांचा धंदा होता. बिहारचा सोरा जहाजं भरभरून युरोपात जायचा. गोठ्याच्या भिंतीवरची ती पांढरी भुकटी एखाद्या साम्राज्याच्या तोफेत जाऊन बसत होती, हे मनात आलं की भिंतीकडे बघायची नजरच बदलते.

ही दारू पेटली की सगळी वायू होऊन उडून जाते, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. वजनानं मोजलं तर सुमारे 56 टक्के भाग घन पदार्थ म्हणून उरतो. वायू होतो तो जेमतेम 43 टक्के. गोळीला ढकलणारं बळ त्या वायूचं, आणि बाकी निम्म्याहून जास्त ऐवज धूर, काजळी आणि क्षार होऊन बाहेर उडतो किंवा नळीला आतून लेपतो. त्या लेपात पोटॅशियम कार्बोनेट असतं, पोटॅशियम सल्फेट असतं, गंधकाची संयुगं असतात. पोटॅशियम कार्बोनेट आपल्या ओळखीचंच आहे. चुलीतल्या राखेत तेच असतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण राखेनं भांडी घासली त्यात त्याचा मोठा वाटा.

आता मिठाच्या बरणीकडे परत येऊ. शुद्ध मिठाला पाणी सुटायला हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या पुढे जावी लागते. पोटॅशियम कार्बोनेटला 43 टक्के पुरतात. म्हणजे वापरून न धुतलेलं पिस्तूल पावसाळ्यात ठेवून दिलं, तर त्याच्या नळीतला लेप हवेतून पाणी ओढून घेतो आणि ते खारट, गंधकाळलेलं पाणी लोखंडाला चिकटवून धरतो. गंज एक-दोन दिवसांत धरतो. आणि यावर तेल उपयोगाचं नाही. क्षार तेलात विरघळत नाहीत. वरून कितीही तेल माखलं तरी खाली ओल आणि क्षार आपलं काम करतच राहतात. क्षार काढायचे तर पाणीच हवं, आणि पाणी उकळतं हवं. उकळत्या पाण्यात क्षार लवकर विरघळतात हे एक, आणि नळी इतकी तापते की उरलेलं पाणी आपोआप वाफ होऊन जातं हे दुसरं. मग कोरडा कपडा, आणि सगळ्यात शेवटी तेल. या धुण्याचं पाणी काळंकुट्ट निघतं आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वास गंधकाच्या संयुगांवर पाणी पडल्याचा.

शेतकऱ्याचा नियम आणि सैनिकाचा नियम असे एकमेकांविरुद्ध दिसतात, आणि दोन्ही खरे आहेत. खुरप्याला माती लागते, पिस्तुलाला मीठ लागतं, एवढाच फरक.

या मळाचा हिशोब बंदूक घडवतानाच धरलेला असायचा. ब्रिटिश पायदळाच्या प्रसिद्ध चकमकीच्या बंदुकीची नळी सुमारे 0.75 इंच व्यासाची होती आणि गोळी सुमारे 0.69 इंचाची. मधली फट मळासाठी सोडलेली. पाच-दहा बारांनंतर नळी आतून इतकी लेपली जायची की नळीला घट्ट बसणारी गोळी खाली उतरलीच नसती. त्या फटीमुळे नेम बिघडायचा, तरी ती सोडावी लागायची. पुढे नळीत आतून आटे पाडलेल्या एन्फील्ड रायफली आल्या. त्यांची गोळी नळीला लागून जायला हवी आणि मळ मऊ राहायला हवा, म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावलं जाई. 1857 साली गाय आणि डुकराच्या चरबीचा जो संशय छावण्याछावण्यांतून पेटला, तो या वंगणावरून. उठावाची कारणं पुष्कळ आणि खोल होती. पण ठिणगी ज्या चरबीवर पडली ती चरबी तिथे का होती, असं विचारलं, तर उत्तर नळीतल्या या काजळीपर्यंत जातं.

आता गज.

सुरुवातीला गज लाकडाचे असत. लाकूड हलकं, नळीला ओरखडे न पाडणारं, पण लढाईच्या घाईत मोडणारं. प्रशियाच्या सैन्यात अनहाल्ट-डेसाऊच्या लिओपोल्डनं लोखंडी गज आणला, आणि 10 एप्रिल 1741 च्या मोलविट्झच्या लढाईत प्रशियन पायदळ ज्या वेगानं बार काढत होतं त्याचं बरंचसं श्रेय या गजाला दिलं जातं. नवी दारू नाही, नवी बंदूक नाही, फक्त न मोडणारी काठी. पुढच्या काही दशकांत युरोपातल्या बहुतेक सैन्यांनी लोखंडी गज स्वीकारला. लढाईचं पारडं एका सळईनं हलावं याचं मला आजही नवल वाटतं.

पिस्तुलाच्या गजाची अडचण आणखी वेगळी होती, कारण लष्करी पिस्तूल मुख्यतः घोडेस्वाराचं शस्त्र. आपण स्वतःला त्या खोगीरावर बसवून बघावं. एका हातात लगाम. दुसऱ्या हातात पिस्तूल. दातांनी काडतुसाचा कागद फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी टाकायची, आणि मग गज ओढून ती ठासायची. घोडा एका जागी उभा राहत नाही. गज हातून निसटला की गेला टापांखाली, आणि उरलेल्या दिवसात ते पिस्तूल पुन्हा भरता येत नाही.

यावर काढलेले तोडगे मला फार आवडतात. एका पद्धतीत गज पिस्तुलाला ठेवलाच नाही. 1796 च्या ब्रिटिश हेवी ड्रॅगून पिस्तुलाच्या नळीखाली गजाची खाचच नव्हती, गज खोगीराला बांधलेल्या चामडी होल्स्टरात राहायचा. ऑस्ट्रियन स्वार तो खांद्यावरच्या पट्ट्याला टांगून ठेवत. पण सगळ्यात देखणा उपाय बिजागरीचा. नळीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना छोट्या पट्ट्या, त्या खिळीवर फिरणाऱ्या, आणि त्यांच्यात गजाचं टोक अडकवलेलं. गज खाचेतून ओढायचा, उलटा वळवायचा, नळीत घालून ठासायचा, पुन्हा वळवून खाचेत. पूर्ण क्रियेत तो पिस्तुलापासून एकदाही सुटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश पिस्तुलांवर ही बिजागरी बसली, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पिस्तुलांवरही. कंपनीचं पिस्तूल ओळखायचं तर चापाच्या वर, घोडा ज्या पट्टीवर बसतो तिथे बघावं. जुन्यांवर बदामाच्या आकारातली कंपनीची अक्षरं असतात, आणि 1808 नंतरच्यांवर मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह.

ही शस्त्रं आपल्या भागापासून लांबची नव्हेत. 23 सप्टेंबर 1803 ची इंग्रज-मराठ्यांमधली असईची लढाई आजच्या जालना जिल्ह्यात झाली. आमची परभणी तेव्हा निजामाच्या मुलखात. त्या मुलखाची राजधानी हैदराबाद, आणि तिथे फ्रेंच सेनानी रेमाँ यानं 1786 च्या सुमारास तोफा ओतण्याचा कारखाना उभारला होता. पुढे हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या जालन्याला, औरंगाबादला, मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आणि हिंगोलीला होत्या. हिंगोली तर 1 मे 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. या छावण्यांमध्ये शिपायाच्या दिवसाचा ठराविक वेळ शस्त्रं धुण्यापुसण्यातच जात असणार, आणि दख्खनच्या पावसाळ्यात त्यात हयगय चालली नसती.

साफसफाईची बाकीची हत्यारंही एकेक बघण्यासारखी आहेत. गजाच्या एका टोकाला पेच पाडलेला असे. त्याच्यावर पिळाच्या दोन नख्यांचं एक अवजार बसायचं, वेलीच्या तणाव्यासारखं वळलेलं. त्यात तागाच्या धाग्यांचा पुंजका अडकवायचा, ओला करायचा, नळीत फिरवायचा. न उडालेली दारू, अडकलेला कागद, सगळं त्यानंच बाहेर ओढायचं. गोळीच अडकली तर वेगळा टोकदार स्क्रू. तो शिशाच्या मऊ गोळीत पिळून घालायचा आणि बाटलीचं बूच काढावं तशी गोळी ओढायची. उंची पिस्तुलांच्या लाकडी पेट्यांमध्ये हे सगळं खणाखणांत मांडलेलं असे: दारूचा डबा, गोळी ओतायचा साचा, पेचकस, तेलाची कुपी, गज. काही गजांच्या टोकाला दारू मापायची एवढीशी वाटी असायची. ती भरून पिस्तूल उलटं वरून बसवायचं आणि मग सगळंच सुलटं करायचं, म्हणजे दारू नळीला न चिकटता थेट तळाशी पडते. आणि काही उंची गज चक्क देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्टीचे असत. ना मोडणारे, ना नळीला ओरखडणारे.

आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीला एक साखळी असते आणि साखळीला एक सुई. ती कशासाठी हे मला मराठी शब्दानंच समजावलं. नळीच्या मागच्या बाजूला जे बारीक भोक असतं, ज्यातून रंजकाची, म्हणजे बाहेर पेटवलेल्या चिमूटभर दारूची, आग आतल्या दारूपर्यंत पोचते, त्याला मराठीत बंदुकीचा कान म्हणतात. शत्रूची तोफ निकामी करायची तर तिच्या कानात खिळा ठोकायचा. त्या कानात काजळी बसली की रंजक वरच्या वर फुर्रकन जळून जातं आणि बार निघत नाही. म्हणून सुई. ते बंदुकीचं कानकोरणं. ब्रिटिश शिपाईही छातीवरच्या पट्ट्याला अशीच सुई आणि एक छोटी कुंचली साखळीनं अडकवून फिरत. दोन वेगळ्या जगांतल्या कारागिरांना एकच अडचण आली आणि दोघांनीही सुई साखळीला बांधली, हरवू नये म्हणून.

काळी दारू मागे पडली तशी ही धुण्याची कटकट संपायला हवी होती. संपली नाही. 1807 साली अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकानं ठोक्यानं पेटणाऱ्या रसायनांचं पेटंट घेतलं, त्यातून टोपीची बंदूक आली आणि पुढे धातूचं काडतूस. त्या काडतुसाच्या बुडाशी जो पेटता मसाला असे त्यात पोटॅशियम क्लोरेट वापरत. तो जळला की उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाचं सख्खं भावंड. दारू धूर न करणारी झाली, नळी वरून चकचकीत दिसू लागली, आणि तरी गंजू लागली. दर बारागणिक आत डोळ्यांना न दिसणारं मीठ शिंपडलं जात होतं! म्हणून .303 रायफलीच्या नळीतही शिपाई नरसाळ्यानं उकळतं पाणी ओतत राहिले. क्लोरेट नसलेला मसाला सगळीकडे रुळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

ज्यांनी एनसीसी केली आहे त्यांच्या हातून या साखळीची शेवटची कडी गेलेली आहे. पुलथ्रूची दोरी, तिच्या टोकाचं पितळी वजन, आणि चिंधी. साफ करायची चिंधी चार बाय दोन इंच, तेलाची चार बाय दीड. ही मापं तोंडपाठ करून घेतात त्यामागे कारण आहे. चिंधी मोठी झाली तर नळीत अडकते, लहान झाली तर भिंतीला लागत नाही. आणि नळी शक्यतो मागून पुढे साफ करायची, कारण तोंडाची कड गजाच्या घर्षणानं झिजली की नेम कायमचा गेला. धुण्याच्या सळया पितळेच्या किंवा लाकडाच्या असतात त्या यासाठीच. मऊ धातूनं कठीण धातूला जपायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लष्करी पिस्तुलांनी गजाला नळीखालून काढून होल्स्टरात जागा दिली. 1896 च्या माउझर पिस्तुलाचं लाकडी होल्स्टर खांद्याला लावायचा दस्ताही व्हायचं, आणि त्याच्या चामडी पट्ट्यांमध्ये साफसफाईच्या सळईसाठी वेगळा कप्पा शिवलेला असे. रशियाच्या 1895 च्या नागां रिव्हॉल्व्हरच्या आणि जपानच्या नांबू पिस्तुलाच्या होल्स्टरातही सळईची सोय होती. आज ही पिस्तुलं जगभरच्या संग्रहांत सापडतात, सळया मात्र फार कमी. कारण साधं आहे. पिस्तूल नोंदवहीत चढायचं, त्याच्यावर क्रमांक असायचा, ते हरवलं तर शिक्षा. सळईचा हिशोब कोण ठेवणार? ती चुलीत कोळसे सारायला गेली, खिडकीला लागली, भंगारात गेली. लाकडी गज वाळवीनं खाल्ले. जुन्या ठासणीच्या पिस्तुलांचे लिलाव होतात तेव्हा वर्णनात वारंवार येणारी नोंद असते, गज नंतर बसवलेला. म्हणून सोबत जन्मलेला गज ज्याच्याजवळ अजून आहे, ते पिस्तूल दुर्मिळातलं दुर्मिळ.

गजाचं एक काम मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्याचा तुमच्या घराशी संबंध येऊ शकतो. पलटणीची तपासणी असली की शिपाई लोखंडी गज बंदुकीच्या नळीत सोडून उसळवत. नळी रिकामी आणि स्वच्छ असेल तर तळाला गज खणखणतो, आत काही असेल तर बद्द आवाज येतो. अधिकारी कानानं तपासणी करत पुढे जायचा. याच कल्पनेवर आजचे संग्रहालयातले जाणकार जुनी ठासणीची शस्त्रं तपासतात. लाकडी काठी नळीत तळापर्यंत घालायची, तोंडापाशी खूण करायची, मग खूण तोंडाशी धरून तीच काठी नळीला बाहेरून लावून बघायची. काठीचं टोक कानाच्या भोकापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. इंच-दोन इंच अलीकडे थांबलं, तर आत अजून काहीतरी आहे. आणि कैकदा असतं. भरून ठेवलेलं पिस्तूल माणूस विसरतो, त्याचा मुलगा विसरतो, नातवाला ते शोभेची वस्तू वाटतं. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनंतरही पेटू शकते.

म्हणून एक कळकळीची विनंती. वाडा पाडताना, माळवद उतरवताना, बळद रिकामं करताना असं जुनं हत्यार हाती लागलं, तर ते कुणाकडेही रोखू नका, घोडा ओढून बघू नका, उन्हात किंवा आगीजवळ ठेवू नका, आणि चिंच-राख किंवा पॉलिश पेपर लावून चकचकीत तर अजिबात करू नका. वरचा तो तपकिरी थर आणि त्याखालचे शिक्के हाच त्याचा जन्मदाखला आहे, घासला की गेला. पोलीस ठाण्याला कळवा. 1959 च्या शस्त्र कायद्यात जुनाट शस्त्राला सूट मिळते ती दुरुस्त करूनही ते चालणार नसेल तरच, आणि ते ठरवणं आपलं काम नाही. पुरातत्त्व विभागाच्या किंवा जवळच्या संग्रहालयाच्या माणसाला दाखवा.

आणि त्याच कोनाड्यात, त्याच फडक्यात गुंडाळलेली एखादी वाकडी सळई, पितळी टोकाची काठी, साखळीला लटकलेली सुई सापडली, तर तीही सोबत द्या. भंगारवाल्याला घालू नका.